पाकिस्तानातल्या बायकांचं मत नेमकं कुठे अडतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पाकिस्तानात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि त्यानंतर सव्वा वर्षाहून जास्त काळ तिथल्या बातम्यांत ‘राखीव जागा’ हा शब्द घोळत राहिला. निवडणूक आयोगाने या जागा एका बाजूला दिल्या, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्या दुसऱ्या बाजूच्या ठरवल्या आणि २७ जून २०२५ रोजी घटनापीठाने तो निकालही फिरवला. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा विचारलं, की या जागा बहुतेक बायकांच्या असतील तर बायकांनी मतं देऊन त्या भरायच्या ना? मग पक्ष आणि न्यायालयं कशावर भांडतायत?

प्रश्न अगदी बरोबर आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर आधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो: तिथली बाई मतदान केंद्रापर्यंत पोचते कशी, आणि पोचत नसेल तर वाटेत तिला नेमकं कोण अडवतं? आपल्याकडे यावर दोन तयार उत्तरं असतात. एक म्हणजे ‘तिथल्या बायकांना रसच नसेल’ आणि दुसरं ‘तिथली परंपराच तशी’. दोन्ही अर्धवट आहेत. मला जे दिसतं ते असं, की बाईचं मत बहुतेक वेळा पुरुषांच्या आपसातल्या सोयीमुळे अडतं. ती सोय महाग पडायला लागली की बायका रांगेत दिसायला लागतात.

आधी कार्ड, मग मत

पाकिस्तानात मतदार व्हायचं तर संगणकीकृत राष्ट्रीय ओळखपत्र लागतं. तिथले लोक त्याला ‘शनाख्ती कार्ड’ म्हणतात. ते देणारी संस्था म्हणजे नादरा, २००० साली स्थापन झालेली. कार्ड असेल तर मतदार यादीत नाव, नसेल तर नाही.

पुरुषाला हे कार्ड पदोपदी लागतं. नोकरी, सिमकार्ड, बँक, शहरातला प्रवास, आखातात जाणं, सगळीकडे. घरात राहणाऱ्या बाईला ते कशाला, असा सरळ हिशेब घरात होतो. त्यात कार्यालय तालुक्याला, न्यायला कोणीतरी पुरुष हवा, त्याचा एक दिवसाचा रोज बुडणार. पहिल्यांदा कार्ड काढताना कुटुंबातल्या माणसाच्या नोंदीचा आधार लागतो. म्हणजे बाप, भाऊ किंवा नवरा तयार नसेल तर प्रकरण तिथेच थांबतं. तिला मत देऊ नको असं कुणी म्हणत नाही. तिला फक्त कार्यालयात कुणी नेत नाही.

याचा आकडा केवढा होतो बघा. २०१८ च्या निवडणुकीत मतदार यादीत पुरुष सुमारे ५ कोटी ९२ लाख आणि बायका सुमारे ४ कोटी ६७ लाख होत्या. फरक जवळपास सव्वा कोटीचा. लोकसंख्येत बायका काही सव्वा कोटीने कमी नाहीत. त्या होत्या, फक्त कागदावर नव्हत्या.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली तेव्हा मतदार नोंदणी करणारे दारात आले की अनेक बायका स्वतःचं नाव सांगत नसत. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. निर्णय कठोर होता, पण माझ्या मते योग्य होता. पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांना स्वतःच्या नावाने यादीत येणं भाग पडलं.

मी शिक्षिका होते, त्यामुळे निवडणुकीचं काम वाट्याला यायचंच. एका गावात एक आजी आल्या. यादीत त्यांचं नाव ‘सोनाबाई’, पण गावात त्यांना त्या नावाने ओळखणारं कुणीच नव्हतं. मतदान प्रतिनिधी म्हणून बसलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कारण त्यांच्या लेखी त्या ‘शंकरची आई’. मी नाव मोठ्याने वाचलं तशी त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, म्हणाल्या, ‘हां, मीच ती,’ आणि शाईसाठी बोट पुढे केलं. कागदावर आपलं नाव असणं ही किती मोठी गोष्ट असते ते मला त्या दिवशी कळलं.

पाकिस्तानात कार्डाचा हा पेच थोडा सैल झाला तो एका वेगळ्याच वाटेने. २००८ साली तिथे ‘बेनझीर इन्कम सपोर्ट प्रोग्राम’ सुरू झाला. गरीब कुटुंबाला रोख मदत, पण पैसे घरातल्या बाईच्या नावावर, आणि त्यासाठी तिचं स्वतःचं कार्ड हवं. ज्या घरांना बाईचं कार्ड अनावश्यक वाटत होतं, तीच घरं तिला घेऊन नादराच्या रांगेत उभी राहिली. २०२४ च्या जुलैमध्ये ‘लाडकी बहीण’साठी आपल्या गावागावांत सेतू केंद्रासमोर लागलेल्या रांगा आठवा. बाईचा कागद घराला पैसे मिळवून देणार म्हटल्यावर तो काढायला घर स्वतःहून धावतं.

त्याच्या जोडीला नादराच्या फिरत्या गाड्या, फक्त महिला कर्मचारी असलेली केंद्रं आणि बायकांसाठी राखून ठेवलेले दिवस आले. निवडणूक कायद्यातही तरतूद झाली, की एखाद्या मतदारसंघात पुरुष आणि महिला मतदारांतला फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर आयोगाने तिथे खास मोहीम घ्यायची. २०२४ पर्यंत यादीतल्या बायका ५ कोटी ९३ लाखांवर गेल्या आणि फरक एक कोटीच्या किंचित खाली आला. अजूनही तो प्रचंडच आहे.

सोमवारी सगळ्यांचंच शटर बंद

समजा कार्ड मिळालं, यादीत नाव आलं. तरी काही भागांत बाई मतदानाला जात नाही. हा सगळ्यात कमी समजला गेलेला भाग आहे.

मे २०१५ मध्ये खैबर पख्तुनख्वा प्रांतातल्या लोअर दीर भागात प्रांतिक विधानसभेची पोटनिवडणूक झाली. पन्नासेक हजार महिला मतदार होत्या. एकीनेही मत दिलं नाही. पन्नास हजार बायकांना एकाच दिवशी एकदम कंटाळा येत नाही. एखादी म्हातारी, एखादी शाळेतली बाई, एखादी हट्टी पोरगी तरी गेलीच असती. शून्य हा आकडा आपोआप येत नाही, तो ठरवून आणावा लागतो.

ठरतं कसं? निवडणुकीआधी गावातल्या जाणत्या पुरुषांची बैठक बसते, तिला जिरगा म्हणतात. आपल्या गावकीच्या बैठकीसारखीच. तिथे एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या उमेदवारांची माणसं एकत्र येतात आणि ठरवतात, की कुणीच आपल्या बायकांना मतदानाला आणायचं नाही. काही वेळा हे लेखीही झालेलं आहे.

प्रतिस्पर्धी असं का करतील? आपल्याकडची सलूनं बघा. बऱ्याच गावांत ती सोमवारी बंद असतात. सगळेच बंद ठेवतात म्हणून कुणाचंच गिऱ्हाईक तुटत नाही आणि सगळ्यांनाच सुट्टी मिळते. पण एकाने सोमवारी दुकान उघडलं तर दुसऱ्यालाही उघडावं लागेल. बायकांच्या मतांचं तसंच आहे. एका पक्षाने बायका आणल्या तर दुसऱ्यालाही आणाव्या लागणार. म्हणजे गाड्या, महिला कार्यकर्त्या, महिला प्रतिनिधी, घरोघरी प्रचार, आणि ‘आमच्या घरातली बाई बाहेर का काढली’ म्हणून रुसवेफुगवे. सगळ्यांनी मिळून शटर बंद ठेवलं की हा सगळा खर्च वाचतो आणि निकाल पुरुषांच्या मतांवर लागतो. वर त्याला इज्जतीचं नाव देता येतं.

सलूनची सुट्टी दुकानदारांची स्वतःची असते. इथे सुट्टी ठरवणारे पुरुष आणि घरी बसणाऱ्या बायका, आणि त्या बैठकीत त्यांना कुणी विचारलेलंही नसतं.

दहा टक्क्यांचा कायदा

लोअर दीरची निवडणूक आयोगाने रद्द ठरवली. पण तेव्हा कायद्याचा स्पष्ट आधार नव्हता, प्रकरण न्यायालयात गेलं. मग २०१७ च्या निवडणूक कायद्यात एक तरतूद घातली गेली: एखाद्या मतदारसंघात पडलेल्या एकूण मतांपैकी बायकांची मतं १० टक्क्यांपेक्षा कमी असतील, तर बायकांना संगनमताने रोखलं गेलं असं आयोग गृहीत धरू शकतो. मग तो काही केंद्रांवरचं किंवा अख्ख्या मतदारसंघाचं मतदान रद्द करू शकतो.

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. हे १० टक्के महिला मतदारांचे नाहीत, पडलेल्या एकूण मतांचे आहेत. ५० हजार मतं पडली तर त्यात बायकांची निदान ५ हजार हवीत. नियमाची खुबी अशी, की बायकांना कुणी अडवलं हे सिद्ध करत बसायची गरज उरत नाही. जिरग्यात काय बोलणं झालं याचा साक्षीदार कोण देणार? आकडाच साक्ष देतो.

नियमाची पहिली मोठी परीक्षा लगेच आली. जुलै २०१८ च्या निवडणुकीत शांगला जिल्ह्यातल्या एका प्रांतिक मतदारसंघात बायकांची मतं जेमतेम ५ टक्के भरली. हा मलाला युसूफझाईच्या आईवडिलांचा मूळ जिल्हा. इम्रान खान यांच्या तेहरीक-ए-इन्साफ पक्षाचे शौकत युसूफझाई जिंकले होते, तरी आयोगाने निवडणूक रद्द केली. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं आणि तेच पुन्हा जिंकले. काही जण म्हणतात, मग उपयोग काय झाला? उपयोग झाला तो त्या दोन मतदानांच्या मधल्या दिवसांत. जिंकलेल्या माणसाला आपली जागा टिकवायला बायकांच्या दारात जावं लागलं. जी बाई येऊ नये म्हणून एरवी बैठक बसायची, ती आली नाही तर आता आमदारकी जात होती. एक दुकान उघडायला लागलं तसं बाकीच्यांचं शटर बंद ठेवण्यातलं कारण संपलं.

त्याच वर्षी लोअर दीरच्या शेजारच्या अप्पर दीरमध्ये हमीदा शाहिद या बाई तेहरीक-ए-इन्साफतर्फे सर्वसाधारण जागेवर उभ्या राहिल्या. हरल्या. पण ज्या भागात बायकांनी मत देणं हीच बातमी होती, तिथे मत मागणारी बाई दिसली.

दहा टक्के फारच कमी आहेत असा आक्षेप घेतला जातो आणि तो मला पटतो. पन्नास टक्के लोकसंख्येकडून दहा टक्के मतं आली की कायदा समाधानी. पक्षही मग तेवढ्यापुरत्याच बायका आणतात. शिवाय हिशेब अख्ख्या मतदारसंघाचा होतो, त्यामुळे एखादं गाव सरासरीच्या आड लपतं. पंजाबातल्या धुर्नाल गावात बायकांनी मत न देण्याचा रिवाज २०२४ मध्येही बातम्यांत आला. कायद्याच्या नजरेत तो येत नाही, कारण आजूबाजूच्या गावांतल्या बायका मतदान करतात आणि मतदारसंघाचा आकडा व्यवस्थित दिसतो. मोजणी केंद्रनिहाय व्हायला हवी आणि मर्यादा प्रत्येक निवडणुकीला थोडी वर सरकायला हवी, असं मला ठाम वाटतं.

‘बायका नवऱ्याच्या सांगण्यावरूनच मत देतात, मग फायदा काय?’

हा प्रश्न पाकिस्तानबद्दल विचारला जातो तसा आपल्याकडेही अजून विचारला जातो. समजा, बऱ्याच बायका घरच्यांचं ऐकून मत देतात. पुरुष काय कमी ऐकतात? भावकीचं, सावकाराचं, मुकादमाचं, पुढाऱ्याचं ऐकून मत देणारे कितीतरी पुरुष आहेत. त्यांचा हक्क काढा असं कुणी म्हणत नाही.

दुसरं म्हणजे मतदान गुप्त असतं. पडद्याआड बाई एकटी असते. घरात कधी नव्हे ती एकटी. तिने शिक्का कुठे मारला ते तिने सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. आणि ज्या मतदाराचं मत मोजलं जातं, त्याच्यासमोर उमेदवाराला काहीतरी बोलावं लागतं. नळ, दवाखान्यात बाई डॉक्टर, मुलींच्या शाळेला कुंपण, या गोष्टी भाषणात येतात त्या ऐकणारीच्या हातात मत असलं की.

हा धर्माचा प्रश्न आहे का?

असता तर संपूर्ण देशात सारखा दिसला असता. कराचीत, लाहोरमध्ये, सिंधच्या खेड्यांत बायका मतदान करतात. इतिहासही वेगळंच सांगतो. जानेवारी १९६५ मध्ये लष्करशहा अयुब खान यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी पाकिस्तानचे संस्थापक जिना यांच्या बहीण फातिमा जिना उभ्या राहिल्या. तेव्हा थेट जनतेचं मतदान नव्हतं, ८० हजार निवडक प्रतिनिधी मत देणार होते. फातिमा हरल्या, पण त्यांना पाठिंबा देणाऱ्यांत जमात-ए-इस्लामी हा धार्मिक पक्षही होता. ५० वर्षांनी लोअर दीरची ती एकाही बाईच्या मताविना झालेली जागा याच पक्षाच्या उमेदवाराने जिंकली. धर्म तोच, पक्ष तोच. मधे बदलली ती राजकीय सोय. डिसेंबर १९८८ मध्ये बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या, मुस्लिमबहुल देशाच्या पहिल्या महिला सरकारप्रमुख. ज्या देशाने हे केलं त्याच देशात असे मतदारसंघ आहेत, म्हणून गाठ धर्मग्रंथापेक्षा गावच्या बैठकीत शोधावी लागते.

राखीव जागा: मतदाराशिवाय खासदार

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत ३३६ जागा आहेत. त्यातल्या २६६ वर थेट निवडणूक होते, ६० बायकांसाठी आणि १० अल्पसंख्याकांसाठी राखीव. आपण राखीव म्हटलं की ग्रामपंचायतीतला वॉर्ड डोळ्यांसमोर येतो: सोडत निघते, वॉर्ड महिलेसाठी राखीव होतो, चार बायका उभ्या राहतात, लोक मत देतात. तिथे तसं नाही. त्या ६० जागांना वॉर्डच नाही. प्रत्येक पक्ष आधी बायकांची एक यादी आयोगाला देतो आणि प्रांतात त्या पक्षाने थेट जागा जितक्या जिंकल्या त्या प्रमाणात यादीतली नावं वरून खाली निवडून आली असं मानलं जातं.

आपल्याकडचा जवळचा नमुना म्हणजे महापालिकेतले स्वीकृत सदस्य. पक्षाचं बळ बघून जागा मिळते, नाव पक्ष ठरवतो. फरक एवढाच, की स्वीकृत सदस्याला सभागृहात मत नसतं आणि पाकिस्तानातल्या या खासदारांना पूर्ण मताधिकार आहे. म्हणूनच भांडण पेटलं. २०२४ च्या निवडणुकीआधी तेहरीक-ए-इन्साफचं बॅट हे चिन्ह गेलं, उमेदवार अपक्ष म्हणून लढले आणि नंतर सुन्नी इत्तेहाद कौन्सिल नावाच्या छोट्या पक्षात गेले. त्या पक्षाने बायकांची यादीच दिलेली नव्हती. मग राष्ट्रीय आणि प्रांतिक सभागृहांतल्या ७७ राखीव जागा कुणाच्या, हा वाद झाला, कारण दोन तृतीयांश बहुमताचा हिशेब त्यांच्यावर टेकला होता. जागा बहुतांश बायकांच्या, पण भांडणाचा विषय पक्षांचं संख्याबळ. याचं मला वाईट वाटतं.

तरी या जागा निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. १९८८ नंतर त्यांची मुदत संपली आणि २००२ पर्यंत त्या नव्हत्या. त्या काळात सभागृहात बोटांवर मोजण्याइतक्या बायका उरल्या. २०११ मध्ये सक्तीची लग्नं आणि भांडण मिटवायला मुलगी देण्याची प्रथा यांच्याविरुद्ध कायदा झाला, तो मांडला राखीव जागेवरच्या डोनया अझीझ यांनी. मतदारसंघ नसलेल्या बाईने हे केलं. मतदारसंघ असता तर पुढच्या निवडणुकीत तिकीट देताना पक्षाला तिचा विचार करावा लागला असता. यादीतल्या बाईला मात्र पक्षप्रमुखाची मर्जी सांभाळावी लागते.

थेट जागांवर प्रत्येक पक्षाने किमान ५ टक्के तिकिटं बायकांना द्यावीत असा नियम २०१७ च्या कायद्यात आहे. पक्ष तो पाळतात तेव्हाही बहुतेकदा जिथे पक्षाला जिंकायची आशा नाही अशा जागा बायकांच्या पदरात टाकून. थेट निवडून आलेल्या बायका २०१८ मध्ये ८ होत्या, २०२४ मध्ये १२. आपण मान वर करून बोलावं असं इथेही नाही: २०२४ च्या लोकसभेला भारतात बायकांचं मतदान ६५.७८ टक्के, पुरुषांपेक्षा थोडं जास्तच, आणि ५४३ खासदारांत बायका ७४.

लोकशाहीच डळमळीत असेल तर

पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेली नाही. अशा ठिकाणी आधी लोकशाही नीट बसू द्या, बायकांचं नंतर बघू, असं पुष्कळ शहाणी माणसं सांगतात. मला हा क्रम उलटा वाटतो, कारण डळमळीतपणाचा पहिला फटका बायकांनाच बसतो. मतदानाच्या आदल्या दिवशी, ७ फेब्रुवारी २०२४ ला, बलुचिस्तानात स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी सुरक्षेसाठी देशभर मोबाइल सेवा बंद ठेवली गेली. आपलं केंद्र कुठलं हे शोधायला तिथे ८३०० या क्रमांकावर कार्डाचा नंबर एसएमएस करतात. मोबाइल बंद, म्हणजे तीही सोय गेली. नवऱ्याचं आणि बायकोचं केंद्र बऱ्याचदा वेगळं असतं. पुरुष चार ठिकाणी चौकशी करत फिरला असेल. कडेवर मूल घेऊन, पहिल्यांदाच मतदानाला निघालेली बाई स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी चार केंद्रं हिंडली असेल का?

त्याच दिवशी खैबर पख्तुनख्वातल्या बुनेरमध्ये सवीरा प्रकाश ही तरुण हिंदू डॉक्टर पीपल्स पार्टीकडून प्रांतिक विधानसभेच्या थेट जागेवर उभी होती. बुनेर शांगलाला लागूनच आहे. ती हरली. त्याच महिन्याच्या अखेरीस मरियम नवाझ पंजाबच्या मुख्यमंत्री झाल्या, कुठल्याही प्रांताच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. आणि धुर्नाल आहे त्याच पंजाबात.